कुंडीतली मोहरी

येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, मुलांना नुसता सांगून काय उपयोग, प्रत्यक्ष उगवून दाखवू, असं मी संडेस्कूलच्या बैठकीत बोलून बसलो. पाळकसाहेबांनी लगेच ‘आमेन’ म्हटलं. अडकलो.

मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मोहरी उचलली. "फोडणीपुरती ठेवा," बायको म्हणाली. दाणा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा, पण चौथ्या दिवशी कुंडीत हिरवी पलटण उभी! फोटो गटावर टाकला, सतरा आमेन आले.

बायबलात, मत्तयाच्या १३व्या अध्यायात, पुढे त्या दाण्याचं झाड होतं आणि आकाशातली पाखरं फांद्यांत वस्ती करतात. कोथरूडच्या एप्रिलमध्ये आमच्या पलटणीने मान टाकली. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना विचारलं, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "रब्बीचं पीक हो ते! दिवाळीच्या सुमारास पेरायचं. उन्हाळ्यात कुठं?" भाव न विचारता अपमान मिळाला.

दुसरी पेरणी नोव्हेंबरात. रोपं मांडीला लागली, पिवळी फुलं आली. पाकळ्या चार, क्रुसासारख्या. म्हणून शास्त्रज्ञांनी या कुळाला आधी ‘क्रुसिफेरी’च नाव दिलं होतं. हे मुलांना सांगताना मी असा काही फुललो होतो की शेंड्यावरचा मावा दिसलाच नाही. मग आठवडाभर साबणाच्या पाण्याचे फवारे. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून वर बघत म्हणाल्या, "राईचा पर्वत करू नका, माझे पापड वाळतायत."

पर्वताचं त्यांनी बरं काढलं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगरही हलेल, असं प्रभूने म्हटलंय, हे मी वर्गात शिकवलं. एक पोरगं उठलं. "सर, मग पर्वती हलेल?"

"कुठे हलवायचीय तुला?"

"आमच्या शाळेवर."

त्याला खाली बसवलं.

शेवटी ठरलं, येत्या रविवारी कुंडी चर्चमध्ये न्यायची. शनिवारी पहाटे गॅलरीत गेलो, तर जाळीच्या फटीतून कबुतर आत शिरलेलं. सगळी मोहरी आडवी करून, तिच्याच काड्यांवर दोन अंडी घालून, ते मालकासारखं बसलं होतं. फांद्यांत वस्ती करायला फांद्या उभ्या लागतात, हे त्याला कोण सांगणार?

रविवारी अख्खा वर्गच आमच्या गॅलरीत आला. "सर, पाखरं आली!" पोरं नाचायला लागली. पाळकसाहेब गहिवरले. बायकोने मात्र सगळ्यांदेखत बजावलं, पिल्लं उडून जाईपर्यंत कुंडीला हात लावायचा नाही.

पर्वती राहू दे, मला आता ती कुंडीसुद्धा हलवता येत नाही.