'कोणीही नाही'कडून पराभव

काल निकाल लागला. आमच्या मुक्त सॉफ्टवेअर संघटनेच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत मी पडलो. (मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कोणालाही बघता आणि बदलता येतो ते.) पडल्याचं मला वाईट वाटलेलं नाही. बिनपगारी मंडळात जो जातो त्याच्यापेक्षा जो पडतो तो केव्हाही जास्त झोपतो. पण मतपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते, 'वरीलपैकी कोणीही नाही', आणि तिला माझ्याहून जास्त पसंती मिळाली हे काही केल्या गिळत नाही.

साध्या मतदानात माणूस नुसता पडतो. आमच्याकडे कोंदोर्से पद्धत आहे. मतदार सगळ्यांना पसंतीक्रम देतात आणि मग प्रत्येकाची प्रत्येकाशी एकास एक झुंज लावून, कोण कोणासमोर किती मतांनी आपटला याचा तक्ता काढतात. तो तक्ता जाहीर होतो, कारण पारदर्शकता. अठराव्या शतकातल्या ज्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ही पद्धत चालते, तो १७९४ साली कैदेत मेला. काल रात्री मला त्याची फारशी दया आली नाही.

डेबियन या लिनक्सवरच्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवालेही पसंतीक्रमानेच आपला नेता निवडतात. २०१९ साली त्यांच्याकडे मुदत संपली तरी एकही अर्ज आला नव्हता, शेवटी मुदत वाढवावी लागली. २०२३ मध्ये एकच उमेदवार उभा होता, पण म्हणून बिनविरोध नाही. त्यालाही 'कोणीही नाही'शी लढावं लागलं. तो जिंकला. ही माहिती मला निकालानंतर एका हितचिंतकाने आवर्जून कळवली.

असो. माझं भवितव्य खरं ठरलं ते उमेदवारांच्या ऑनलाइन सभेत. मी तयारीनिशी बसलो होतो. संघटनेच्या नावाचा ट्रेडमार्क, देणग्यांचा हिशेब, एकाच कंपनीची किती माणसं मंडळावर चालतील वगैरे. लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनने त्यावर एक तृतीयांशाची मर्यादा घातली आहे, तसं काही आपणही करावं, असं माझं म्हणणं होतं. अजूनही आहे. कोणाला ऐकायचं असल्यास.

पहिला हात शंकासुराचा वर आला. कॅमेरा बंद, चेहऱ्याच्या जागी पेंग्विन.

"आपलं निवेदन उघडलं. ते पीडीएफ आहे. सोर्स कुठे आहे?"

"निवेदनाचा सोर्स?"

"उद्या मला त्यात सुधारणा सुचवायची असली तर?"

"माझ्या भूमिकेत?"

"तिसऱ्या परिच्छेदात. एक स्वल्पविराम जास्त आहे. बरं, ते राहू द्या. फोटोचा परवाना कोणता?"

"अहो, फोटो माझाच आहे."

"आपला आहे, पण काढला कोणी?"

"मेहुण्याने."

"मग हक्क मेहुण्यांचे. त्यांची लेखी संमती?"

"त्यानेच तर पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर."

सभा गप्प झाली. व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे कंपनीच्या मालकीचं, बंद सॉफ्टवेअर. माइक बंद करायला विसरलेल्या कोणीतरी मोठा सुस्कारा सोडला. सोवळ्यातल्या माणसाला शिवावं तसं काहीतरी माझ्या हातून घडलं होतं. बाकीचे उमेदवार मान खाली घालून कीबोर्ड न्याहाळत होते. त्यातल्या दोघांशी माझं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं.

"आत्ता कुठल्या मशीनवरून बोलताय?"

"लॅपटॉप. लिनक्स." मी जरा ताठ बसलो.

"आणि वायफायचं फर्मवेअर?"

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या सुट्या भागाला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, आणि वायफायचं ते बहुधा कंपनीच्या मालकीचं असतं. इथे मी चिडलो. म्हटलं, साहेब, डेबियनसारख्या कर्मठांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन मालकीचं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येऊ दिलं, कारण त्यावाचून कित्येक लॅपटॉपचं वायफाय चालतच नाही. माझ्या लॅपटॉपकडून तुमची अपेक्षा काय आहे?

"त्या मतदानाबद्दल माझं मत वेगळं आहे."

"आपण डेबियनमध्ये आहात?"

"नाही."

"आमच्या संघटनेत तरी?"

"छे. सभासद झालं की निष्पक्ष राहता येत नाही."

म्हणजे ज्याला मतच नाही त्याने माझा अख्खा वेळ खाल्ला, आणि सूत्रसंचालकांनी त्याचे 'मूलभूत प्रश्नांबद्दल' आभार मानून पुढच्या उमेदवाराला बोलावलं. ट्रेडमार्क माझ्या वहीतच राहिला.

पैशाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. कधीच काढत नाहीत. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड निघालं तेव्हा जगाला समजलं की निम्मं इंटरनेट ज्याच्या भरवशावर चालतं त्या ओपनएसएसएलला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणगी येत होती आणि काम मूठभर माणसं ओढत होती. चार दिवस सगळे हळहळले. मग पुन्हा स्वल्पविराम. आमच्यात परवान्यांवर रात्रभर भांडतील अशी माणसं हवी तितकी मिळतील. पावत्या जुळवणारं, वार्षिक विवरणपत्र भरणारं, आचारसंहितेच्या तक्रारीत दोन्हीकडच्या शिव्या खाणारं मिळत नाही. जे मिळतं त्याला आपण फर्मवेअर विचारतो, आणि दोन वर्षांनी ते थकून निघून गेलं की 'समाजात नवं रक्त येत नाही' यावर परिसंवाद घेतो. मीही त्यात बोललो आहे. बरं बोललो होतो.

आज सकाळी नव्या मंडळाचा निरोप आला. खजिनदार व्हायला निवडून आलेल्यांपैकी कोणी तयार नाही, तर आपण बाहेरून हिशेब बघाल का? मतदानाचा हक्क नाही, पद नाही, फक्त शनिवार-रविवार द्यायचे. उत्तर मी अजून दिलेलं नाही. संघटनेच्या डोमेनची मुदत आज संपत होती, ते बिल तेवढं माझ्या कार्डावरून भरून टाकलं. भरपाईचा अर्जही लगेच केला. तो मंजूर व्हायला खजिनदाराची सही लागते.