सी ड्राइव्ह नुसता कॉपी करून भागत नाही

'कॉम्प्युटर रडायला लागला की अख्खा सी ड्राइव्ह एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी-पेस्ट करा, पुढे त्यावरूनच विंडोज सुरू होईल,' असा मेसेज फिरतोय. तसं होत नाही. बूटची, म्हणजे विंडोज सुरू करण्यासाठी लागणारी, माहिती सहसा डिस्कच्या वेगळ्या, लपवलेल्या भागात (पार्टिशनमध्ये) असते. ती कॉपी-पेस्टमध्ये येतच नाही. वापरात असलेल्या काही सिस्टिम फायली तर विंडोज कॉपीही करू देत नाही. जसंच्या तसं हवं असेल तर क्लोन (दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल) किंवा इमेज (अख्ख्या डिस्कची फाइलच्या रूपातली प्रत) काढावी लागते.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर क्लोन-इमेजही नको, कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा. नुसताच अडखळत असेल तर आधी 'युजर्स' फोल्डरमधले फोटो आणि कागदपत्रं उचला. प्रोग्रॅम काय, पुन्हा टाकता येतात. चेकडिस्क, म्हणजे डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं साधन, त्यानंतर. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला आधीच ती कसरत कशाला?