दीड लाख नेमके कुणाला मिळाले, काका?

परवा सकाळी साडेसहाला काकांचा मेसेज आला. रोजचा ‘शुभ सकाळ’वाला गुलाब असेल म्हणून उघडला, तर हातभर लांब फॉरवर्ड. वर तीन लाल दिवे, खाली ‘मराठी माणसा, आतातरी डोळे उघड’. मजकूर थोडक्यात असा: कोरोना वगैरे काही नव्हतं, साधा फ्लू होता. प्रत्येक पेशंटमागे केंद्राकडून महापालिकेला दीड लाख मिळायचे, म्हणून आकडे फुगवले. दुसरी लाट फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे आली. स्वीडनने लॉकडाऊन केलाच नाही, तिथं कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्या वर्षी लोक लॉकडाऊनला विटले, कारण त्यांना नाटक कळलं होतं. आणि आता २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-पुण्यात चार पेशंट सापडले की पुन्हा तीच तयारी सुरू.

दुसऱ्या कुणी पाठवला असता तर अंगठा दाखवून पुढं गेलो असतो. पण काका? एप्रिल २०२१ मध्ये जे अकरा दिवस ऑक्सिजनवर होते, ते काका?

दीड लाखांचं आधी बघू. बाकीच्या थापांवर हसता तरी येतं, हिच्यापायी आमच्या घरातला माणूस जायची वेळ आली होती.

ही थाप जुनी आहे, २०२० च्या पावसाळ्यातली. केंद्राच्या पीआयबीने, म्हणजे सरकारी माहिती कार्यालयाने, तेव्हाच ती खोटी म्हणून सांगितलं होतं, पण ते वाचणार कोण! क्षणभर खरी धरू. मग पेशंट वाढले की पालिका मालामाल व्हायला हव्यात. पालिका तर पत्रे ठोकून कोविड सेंटर उभी करत होत्या आणि डॉक्टरांना तीन-तीन महिन्यांच्या कंत्राटावर घेत होत्या.

हां, यात एक कण खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत पेशंटमागे दवाखान्याला ठरलेली रक्कम मिळायची. ती उपचारांची, महापालिकेला बक्षीस म्हणून नव्हे. खासगी दवाखान्यांनी लूट केली हेही खरं. उगाच नाही सरकारला २१ मे २०२० रोजी दर बांधून द्यावे लागले: साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तरीही पीपीई किटच्या नावावर काय काय लावलं जायचं, हे बिलं तपासायला बसवलेल्या लेखापरीक्षकांना विचारा. लोकांना ‘यात पैसा आहे’ असा वास आला तो काही चुकीचा नव्हता. फक्त लुटीचा पैसा सरकारकडून येत नव्हता, आपल्या खिशातून जात होता.

आता आमच्या घरचं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांना ताप भरला. काकू म्हणाल्या, टेस्ट करून घ्या. काकांचं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण फोन स्पीकरवर होता: “टेस्ट केली की पॉझिटिव्हच दावत्यात. एका डोक्याचं दीड लाख घेत्यात. उचलून नेलं की तोंडसुदिक बघाय मिळत न्हाई.” मग क्रोसिन, काढा, कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगणं. असे सहा दिवस. सहाव्या दिवशी रात्री शेजारच्या मेडिकलवाल्याने आपलं ऑक्सिमीटर आणून बोटाला लावलं. ८१. त्याला वाटलं सेल गेला असेल, म्हणून त्याने आधी स्वतःच्या बोटाला लावून बघितलं. ९७.

चुलतभाऊ रिक्षातून त्यांना घेऊन सांगलीत चार दवाखाने फिरला, पाचव्यात खाट मिळाली. फुप्फुसात आजार किती पसरलाय ते सांगणारा सीटी स्कोअर २५ पैकी १६. डॉक्टर एवढंच म्हणाले, “चार दिवस आधी का नाही आणलं?” काकूंच्या पाटल्या गेल्या. बिल झालं एक लाख ४६ हजार.

म्हणजे दीड लाखांचा हिशेब तसा बरोबर आहे. आले नाहीत, गेले.

आणि ‘आकडे फुगवले’? केंद्राच्या जनगणना कार्यालयाने मे २०२५ मध्ये २०२१ च्या जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे दिले. कोविडचे नव्हेत, सगळेच मृत्यू: अपघात, म्हातारपण, साप चावला, सगळं. २०१९ मध्ये देशभरात नोंदले गेले सुमारे ७६ लाख. २०२० मध्ये ८१ लाख. २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. एका वर्षात २१ लाखांची उडी. त्याच वर्षी सरकारने कोविडच्या खात्यावर दाखवलेले मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार. नोंदणी दरवर्षी थोडी सुधारते, त्यामुळं आकडा तसाही चार-सहा लाखांनी वाढतोच, तेवढी सूट द्या. कुणी कोविडने न जाता कोविडमुळे खाट न मिळाल्याने गेला असेल, तीही द्या. तरी हिशेब फुगवण्याकडं जात नाही, दडवण्याकडं जातो. फॉरवर्डवाल्याला सरकारवर आरोपच करायचा होता तर खरा आरोप समोर पडलेला होता, याने उचलला नेमका उलटा.

पैशाचाच वास घ्यायचा तर हेही घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर कोविडने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये देणं सरकारला भाग पडलं. महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू तेव्हा एक लाख ४१ हजारांच्या आसपास आणि अर्ज आले दोन लाखांच्या वर. मयत वाढवून सरकारला काही मिळत नव्हतं, उलट मोजावे लागत होते.

फाइव्ह-जीवर फार वेळ घालवत नाही. चाचण्यांना परवानगी मिळाली ४ मे २०२१ रोजी, आणि राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर पेशंट निघाले ते १८ एप्रिलला. आधी लाट, मग परवानगी. आज तेच फाइव्ह-जी काकांच्या खिशात आहे आणि त्यावरूनच हा मेसेज आला.

आता लोक विटले होते या मुद्द्यावर येतो. इथं मला काकांशी भांडता येत नाही, भांडण आहे ते मेसेज लिहिणाऱ्याशी.

काकांचं सलून आहे. दोन खुर्च्या, भाड्याचा गाळा. मार्च २०२० मध्ये शटर पडलं. ४ मेला दारूची दुकानं उघडायला परवानगी आली, सलूनला २८ जून उजाडला. आणि उघडलं ते कसं? कटिंग चालेल, दाढी नाही. ज्याने हा नियम केला तो आयुष्यात कधी सलूनमध्ये बसला असेल असं वाटत नाही. निम्मा धंदा दाढीवर चालतो. काकांनी पाटी लावली, ‘दाढी बंद आहे, कृपया आग्रह करू नये’, आणि लोक पाटीखाली उभं राहून आग्रह करायचे.

मग जरा बस्तान बसतंय तोवर ५ एप्रिल २०२१ रोजी पुन्हा बंद. आठवड्याभराने सरकारने मदत जाहीर केली: परवानाधारक रिक्षावाले, नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, प्रत्येकी १,५०० रुपये. यादीत सलून नव्हतं. काका त्या यादीचं कात्रण पाकिटात घेऊन हिंडायचे. २० एप्रिलपासून किराणा-भाजी फक्त सकाळी सात ते अकरा, म्हणजे दिवसभर पांगणारी माणसं चार तासांत मंडईत कोंबली. लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत, नाहीतर ५०,००० दंड. आणि ही बंदी एक मेपर्यंत, मग पंधरा मेपर्यंत, मग एक जूनपर्यंत. दर वेळी पंधरा दिवसांची पुडी सोडायची. जूनमध्ये राज्याने निर्बंध उठवायचे पाच स्तर काढले तेव्हाही सांगली-कोल्हापूरकडं रुग्णांचं प्रमाण जास्त म्हणून इकडचे लोक बाकीच्यांच्या मागंच राहिले.

मी तेव्हा पुण्यात घरून काम करत होतो. फोनवर काकांना मास्क, सॅनिटायझर, घरीच थांबा, असं प्रवचन द्यायचो. एकदा ते म्हणाले, “तुझा पगार चालू हाय बाळा.” पुढं दोघंही काही बोललो नाही.

तर लोक कंटाळले होते ते नाटक ओळखलं म्हणून नव्हे. गल्ला रिकामा होता म्हणून. तोंडात मारून घ्यावं असे नियम रोज बदलत होते म्हणून. शटर अर्धं पाडून, मागच्या दाराने गिऱ्हाईक घेऊन काकांनी मे महिन्यात कटिंग केली असेल, तर ती कोरोना खोटा आहे असं समजून नव्हे. ते तर नुकतेच दवाखान्यातून आले होते, दोन मास्क लावून कात्री चालवायचे आणि एका कटिंगनंतर दम लागून खुर्चीत बसायचे. त्या माणसाच्या दमण्याला ‘जागृत जनता’ म्हणणाऱ्याने त्याचं अर्ध्या महिन्याचं भाडं तरी भरलं होतं का?

स्वीडनचंही उत्तर यातच आहे. डिसेंबर २०२० मध्ये खुद्द तिथल्या राजाने ‘आपण अपयशी ठरलो’ असं म्हटलं होतं. शेजारच्या नॉर्वेत त्या वर्षाअखेर साडेचारशेच्या आत मृत्यू, स्वीडनमध्ये नऊ हजारांच्या पुढं, आणि लोकसंख्या दुपटीच्या आसपास. हो, सगळी तीन वर्षं एकत्र धरली तर स्वीडन युरोपात फारसा वाईट ठरला नाही, हेही मान्य करतो, जिवावर येतंय तरी. पण तिथं आजारी माणूस घरी बसला तर पगाराच्या ८० टक्के रक्कम घरपोच येते. काका तापात घरी बसले असते तर त्यांना ८० टक्के कोण देणार होतं? खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाने?

राहिली ‘पुन्हा तीच तयारी’. जागतिक आरोग्य संघटनेने ही आणीबाणी ५ मे २०२३ रोजीच संपल्याचं जाहीर केलं. विषाणू कुठं गेलेला नाही, पेशंट अधूनमधून निघतात, निघत राहतील. दुकानं बंद करायचा आदेश कुठंही नाही. आणि काकांना पुन्हा ताप आला तर या वेळी पहिल्या दिवशी टेस्ट करा, एवढं काकूंना वेगळं फोन करून सांगितलं आहे.

काकांना मी यातलं फारसं काही पाठवलं नाही. त्यांना फक्त एक लाख ४६ हजारांच्या बिलाचा फोटो पाठवला, तो माझ्याकडं अजून आहे. खाली लिहिलं, रविवारी कटिंगला येतोय. दाढीपण.