रेंज नसलेल्या वाडीतल्या पालकांसाठीही लिहा

कोरोनाच्या साथीत मुलांचा घरचा अभ्यास कसा सांभाळावा, यावरचा तुमचा लेख वाचला. मुलांचं वेळापत्रक पाळा, ऑनलाइन तासाला शेजारी बसा, हे त्यातले सल्ले चांगलेच आहेत. पण श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइल चार्ज करायचीच मारामार, तिथे तास कुठला!

त्याआधीच मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावोगावच्या शाळांत विलगीकरणात ठेवलं होतं. आपल्याच वर्गात बाबा आहेत आणि जवळ जायचं नाही, हे सहा वर्षांच्या पोराला कसं समजावायचं? त्यात वादळात डोळ्यांदेखत कौलं उडालेली. नुसता वारा सुटला तरी मुलं दचकायची. अशा वेळी पाढ्यांचा आग्रह धरू नये, असं मला मनापासून वाटतं. आधी त्याला बोलू द्यावं, वादळाचं चित्र काढू द्यावं, रात्री जवळ घेऊन झोपावं. अभ्यास मग आपोआप सुरू होतो: आजीसोबत सोललेल्या सुपाऱ्या मोजणं, पडलेल्या माडांची यादी लिहिणं, धाकट्याला धडा वाचून दाखवणं. सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’ या शैक्षणिक मालिकेचा आधार होता, अर्थात वीज आल्यावर.

पुढच्या लेखात अशा घरांसाठी लिहाल का? गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताईंनाही विचारा, मुलांची घालमेल त्यांनी घरोघरी जाऊन पाहिली आहे.