मान मोडते ती धडकणाऱ्याची

ताईचा मुलगा सोळा वर्षांचा, इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये लाईनबॅकर, म्हणजे समोरच्याला अडवून पाडणारा बचावपटू आहे. गेल्या आठवड्यात त्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, शंभर टक्के खरं!" व्हिडिओतला गृहस्थ म्हणतो, टार्गेटिंगच्या, म्हणजे डोक्याने किंवा डोक्यावर धडकण्याला मनाई करणाऱ्या नियमाने कॉलेज फुटबॉलची वाट लावली. पूर्वी पोरं बिनधास्त धडकायची, कुणाचं काही बिघडायचं नाही. हेल्मेट असल्यावर डोक्याने धडकायला कसली भीती. हे सगळे बॉल झेलणाऱ्यांचे लाड. आणि पंच मनाला येईल तसा निर्णय देतात. असले व्हिडिओ रोज फिरतात, मी बघतही नाही. पण हा घरातल्या पोराला पटला, म्हणून लिहितोय.

या नियमात मनाई दोनच गोष्टींना आहे. हेल्मेटच्या टाळूने जोरात धडकायचं नाही, समोर कोणीही असो. आणि जो स्वतःला सावरण्याच्या स्थितीत नाही, त्याच्या डोक्यावर किंवा मानेवर जोरात आदळायचं नाही. दंड 15 यार्डांचा, म्हणजे टीमला तेवढं मैदान गमवावं लागतं, आणि 2013 पासून खेळाडू मैदानाबाहेर.

आता ते "हेल्मेट असल्यावर कसली भीती". या एका वाक्याने पोरं आयुष्यातून उठू शकतात. हेल्मेट कवटी वाचवतं. मान त्याच्या बाहेरच राहते. भाच्याला त्याच रात्री फोनवर सांगितलं, मानेवर मागून बोट फिरव. खोलगट लागतं ना? आता हनुवटी थोडी छातीकडे आण. "गेलं," म्हणाला. तो खोलगट भाग म्हणजे मानेचा बाक. त्या बाकामुळे मान वाकते आणि धक्का स्नायू पचवतात. डोकं खाली गेलं की मणके काठीसारखे एका रेषेत येतात. डोकं समोरच्याच्या अंगावर थांबतं, मागून धड मात्र येतच असतं. मधल्या मध्ये मान चिरडते.

हे मी मनाचं सांगत नाही. फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी वर्षानुवर्षं अशा दुखापतींची नोंद ठेवली. डोकं भाल्यासारखं वापरून धडकण्यावर 1976 मध्ये शाळा-कॉलेजांत बंदी आली. मान मोडून हातपाय कायमचे लुळे पडल्याची प्रकरणं त्या मोसमात 34 होती, 1984 मध्ये 5. पूर्वी कुणाचं काही बिघडत नव्हतं म्हणे! मग हे 34 जण कोण?

लाडांचं म्हणाल, तर आपल्या शेजारच्याच रटगर्स विद्यापीठाचा खेळाडू एरिक लग्रँड आठवा. 16 ऑक्टोबर 2010, समोर आर्मीची टीम. किकऑफनंतर, म्हणजे बॉल लाथेने दूर मारून खेळ सुरू झाल्यावर, बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायला तो धावला, धडकताना डोकं खाली गेलं आणि मानेचे मणके मोडले. वय वीस. मानेखालचं शरीर लुळं पडलं. टॅकल, म्हणजे धरून पाडायचं काम, तो करत होता, बॉल दुसऱ्याकडे होता.

पंचांबद्दलची तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. 2013 मध्ये तर रिप्लेत खेळाडू निर्दोष ठरला तरी 15 यार्डांचा दंड तसाच राहायचा. ते पुढच्या वर्षी सुधारलं. 1 जानेवारी 2025 च्या पीच बोल या कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात 24-24 अशी बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटांत टेक्सासच्या बचावपटूने ॲरिझोना स्टेटच्या रिसीव्हरला, म्हणजे बॉल झेलणाऱ्याला, हेल्मेटने ठोकलं. रिप्ले बघूनही टार्गेटिंग दिलं नाही. मला ते टार्गेटिंगच वाटलं, अजूनही वाटतं. पळणारा ऐनवेळी वाकला तर टॅकल करणाऱ्याला वेळ मिळत नाही, हेही मान्य. पण डोळे आधीपासूनच वर असतील तर निदान स्वतःची मान तरी सरळ काठी होत नाही.

आणि टॅकल करायला डोकं लागतंच कुठे? कोच पीट कॅरल यांच्या सीहॉक्स या व्यावसायिक टीमने 2014 मध्ये रग्बीच्या धर्तीवर खांद्याने टॅकल कसं करायचं याचा व्हिडिओच काढला. खांदा मांडीला, दोन्ही हातांची घट्ट मिठी, डोकं बाजूला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती टीम सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची अंतिम लढत, जिंकली होती, तेव्हा तिला कुणी मऊ म्हणू नये.

शनिवारी येतोय रे. गॅरेजमधली जुनी गादी काढून ठेव, मी धरतो. डोळे वर ठेवून खांद्याने पाड मला.