‘ब्रेक काढला म्हणजे शक्ती वाढलीच की!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ छापाच्या जाहिरातींवर मी लिहिलं, की ती नुसती ‘वाढवायची’ गोष्ट नाही; त्यावर तुमचा आक्षेप असा: कॅन्सरच्या इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकार यंत्रणेलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारात, सीटीएलए-४ नावाचा ब्रेक काढतात, ब्रेक काढला की गाडी पळते, म्हणजे शक्ती वाढलीच की! शिवाय सामान्य वाचकाला ही रिसेप्टरची (पेशीवरच्या, संकेत घेणाऱ्या प्रथिनांची) नावं कशाला, असंही विचारलंत. मुद्दा नेमका आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही.

ब्रेकची उपमा डॉक्टरही वापरतात. पण तिच्यात गाडी एकच असते, आणि लसिकाग्रंथीत कुठलीच पेशी एकटी निर्णय घेत नाही. डेन्ड्रायटिक पेशी ही खबर आणणारी; ती जंतूचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडते. ज्या टी पेशीच्या (हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या) रिसेप्टरला तो जुळतो, ती तिला चिकटते. हा पहिला संकेत. तेवढ्यावर टी पेशी कामाला लागत नाही. डेन्ड्रायटिक पेशीवरची सीडी-८० आणि सीडी-८६ ही प्रथिनं टी पेशीच्या सीडी-२८ या रिसेप्टरला लागली, की दुसरा संकेत मिळतो. आणि ही प्रथिनं ती भरपूर केव्हा दाखवते? आसपास संसर्गाची चाहूल लागली तर. नुसता पहिलाच संकेत मिळालेली टी पेशी सुस्तावते आणि पुढेही सहजासहजी उठत नाही. आपल्याच अवयवांवर रोज हल्ले होत नाहीत, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे.

आता सीटीएलए-४. हा रिसेप्टरही टी पेशीवरच असतो आणि त्याच दोन प्रथिनांना धरतो, पण सीडी-२८ पेक्षा कितीतरी घट्ट. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की सीटीएलए-४ असलेली पेशी समोरच्या पेशीवरची ही प्रथिनं अक्षरशः ओढून काढते, स्वतःच्या आत घेते आणि तिथे नष्ट करते. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग हाच. कारण परिणाम कुणावर होतो बघा: त्यानंतर त्याच डेन्ड्रायटिक पेशीपाशी येणाऱ्या तिसऱ्याच टी पेशीवर! तिला पहिला संकेत मिळतो, दुसरा द्यायला समोर काही उरलेलंच नसतं. नियामक टी पेशींवर सीटीएलए-४ कायम असतं. इतरांना आवरण्याचं त्यांचं काम बऱ्याच अंशी असं चालतं. इथे थांबलं काय, तर दोन पेशींमधला व्यवहार. तुमच्या उपमेत ही दुसरी पेशी आणि ती तिसरी पेशी कुठेच बसत नाहीत.

हा रिसेप्टर मुळातच नसेल तर काय होतं, हे १९९५ मध्ये दिसलं. सीटीएलए-४ चं जनुक काढून टाकलेले उंदीर तीन-चार आठवड्यांत मेले. त्यांच्या हृदयात, स्वादुपिंडात त्यांच्याच टी पेशी घुसल्या होत्या. तुमच्या हिशेबाने त्यांची शक्ती सर्वांत जास्त होती.

माणसांतलं उदाहरण याहून बोलकं आहे. मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा निरोगी तरुणांना चाचणीसाठी टीजीएन-१४१२ ही अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रिसेप्टरला चिकटणारं प्रथिन, दिली गेली. ती सीडी-२८ ला अशी धरायची की पहिल्या संकेताची गरजच उरू नये. तास-दीड तासात सहाही जणांना थंडी, उलट्या, असह्य वेदना सुरू झाल्या आणि पुढे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण अतिदक्षता विभागातून. माकडांवर हीच अँटिबॉडी निर्धोक ठरली होती. नंतर कळलं, की माणसाच्या एकदा लढून तयार झालेल्या टी पेशींवर सीडी-२८ असतं. चाचणीतल्या जातीच्या माकडांच्या तशा पेशींवर ते नसतं. औषध तेच होतं. ते धरणारा रिसेप्टर कुठल्या पेशीवर आहे, यावर सगळं फिरलं.

‘शक्ती वाढते’ हे खरं असतं, तर औषध जास्त तेवढा गुण जास्त, असा सरळ हिशेब लागला असता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेली चाचणी बघा. निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध टी पेशीवरच्या पीडी-१ या दुसऱ्या ‘ब्रेक’ रिसेप्टरवर बसतं. त्याचा रूढ डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. तिथे दिला तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या सौम्य केमोच्या जोडीला. नुसत्या केमोवर वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्के होतं, या जोडीवर सुमारे ४३ टक्के. पूर्ण डोसशी तुलना त्यात नव्हती, हे सांगायलाच हवं. पण रिसेप्टरवरच्या जागा एकदा भरल्या, की वरचं औषध तिथे बसणार कुठे? खर्चाने मेटाकुटीला येणाऱ्या आपल्याकडच्या घरांसाठी हा केवढा मोठा दिलासा आहे!

राहिला सामान्य वाचकाचा प्रश्न. इम्युनोथेरपीची ही औषधं घेणारे रुग्ण आता आपल्या नात्यागोत्यात आहेत. त्यांना जुलाब लागले, तर ते बाहेरचं खाल्ल्याने असतील किंवा मोकाट झालेल्या टी पेशींनी आतड्यावर केलेल्या हल्ल्यामुळे. दुसऱ्या प्रकारात बहुतेकदा स्टेरॉइड लागतात आणि उशीर महागात पडतो. थायरॉइड, यकृत, फुप्फुसं यांच्याही बाबतीत हे घडतं, कधीकधी औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. म्हणून अशा रुग्णाला जुलाब, धाप, कावीळ किंवा कमालीचा थकवा जाणवला, तर घरच्या घरी गोळी देऊ नका. कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, आणि गल्लीतल्या दवाखान्यात जावं लागलंच तर इम्युनोथेरपी चालू आहे किंवा होऊन गेली आहे हे आधी सांगा.