‘सोड आता’ म्हणणारा मी

गेल्या महिन्यात ठाण्यातल्या एका बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेत आर्बिटरने, म्हणजे पंचाने, मला ताकीद दिली. माझं वय ५४, समोर बसलेली मुलगी फार तर दहा वर्षांची. गुन्हा काय, तर तिला मी डाव सोडायला, म्हणजे मात व्हायच्या आधीच हार मानायला, सांगितलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या प्रकाराची जरा तिखटमीठ लावलेली आवृत्ती फिरतेय, म्हणून मूळ हकीकत इथे लिहून ठेवतो.

सोळाशेच्या आतल्या रेटिंगवाल्यांची स्पर्धा. माझं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १५२०. (त्यातले ३२० माझ्या कष्टाचे नाहीत. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि त्यासोबत दोन हजाराच्या खालच्यांची रेटिंगं वर उचलली. मी झोपलो तेव्हा १२०० होतो, उठलो तेव्हा १५२०. लोकांनी अभिनंदन केलं, मी ते घेतलं.) पाचवा राउंड. मुलीच्या दोन वेण्या, शेजारी पाण्याची बाटली, बाटलीवर मांजराचं स्टिकर. सतराव्या खेळीला माझ्या घोड्याने राजाला शह दिला आणि पुढच्या खेळीला वजीर उचलला. तिने शांतपणे खेळी लिहिली. मला वाटलं, आता हात पुढे येईल. मी तर माझा हात शर्टाला पुसूनही ठेवला होता. तिने राजा एक घर सरकवला आणि घड्याळ दाबलं.

तिसावी खेळी उलटली, चाळिसावी आली. माझ्याकडे वजीर आणि हत्ती, तिच्याकडे एक हत्ती आणि तीन प्यादी. प्रत्येक खेळीला ती तीन-तीन मिनिटं घेणार, ओठ चावत पटाकडे बघणार. आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली होती. बाहेर पाऊस, आणि पावसात घोडबंदर रोडचं काय होतं ते ठाणेकरांना सांगायला नको. एकेचाळिसाव्या खेळीला मी पुटपुटलो, ‘बेटा, सोड आता.’

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर केला, वर्गात ‘बाई, मी सांगू?’ म्हणताना करतात तसा. आर्बिटर आले. ‘सर, हे काका बोलतायत.’

फिडेच्या नियमांत डाव सोडण्याबद्दल सांगायचं तर ओळभरच आहे: खेळाडूने डाव सोडल्याचं जाहीर केलं की प्रतिस्पर्धी जिंकला आणि डाव तिथेच संपला. कधी सोडायचा, किती नुकसान झाल्यावर सोडायचा, वजीर गेल्यावर की हत्ती, यावर चकार शब्द नाही. उलट समोरच्याचं लक्ष विचलित करायला किंवा त्याला कोणत्याही प्रकारे त्रास द्यायला मात्र साफ मनाई आहे, कलम ११.५. आर्बिटरांना वाटलं असतं तर तिला जादा वेळही देता आला असता. त्यांनी फक्त ताकीद दिली. तीही हळू आवाजात, पण हॉलमध्ये हळू आवाजच जास्त ऐकू येतो.

म्हणजे शिष्टाचाराच्या नावाखाली शिष्टाचार मोडणारा मीच निघालो. त्या दिवशी मला हे पटलं नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, ‘हल्लीच्या पोरांना कुणी शिकवतच नाही.’ ती म्हणाली, ‘तू तरी कुठे शिकलास?’

खरंच, कुठे शिकलो? ठाण्यात चरईतल्या आमच्या चाळीत तर नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की गॅलरीत पट मांडला जायचा. खेळणारे दोन आणि सल्लागार सात. तिथे डाव सोडणं हा प्रकारच नव्हता, कारण सोडू द्यायचं कोण? तुमचा वजीर गेला की सल्लागार दुप्पट खुशीत. ‘अरे थांब, घोडा आहे अजून!’ ‘ते प्यादं ढकल, प्यादं!’ जिंकणाऱ्यालाही लवकर संपवायची घाई नसायची. उलट ते वजिराने सरळ मात करायची सोडून प्यादेमात करण्याच्या नादात अर्धा तास घालवायचे, आणि त्या नादात कधीकधी डाव हातचा घालवायचे. वडील तर हरलेल्या डावात जास्त खुलायचे. शेवटी मात झाली की सगळे हसत चहा प्यायचे. कुणी कुणाचा अपमान केला असं कुणाला वाटलं नाही.

‘हरलेला डाव सोडावा, खेळत राहणं म्हणजे समोरच्याचा अपमान,’ हे मी पहिल्यांदा ऐकलं ते कॉलेजात, इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या मित्रांकडून. मला ते फार सुसंस्कृत वाटलं. तेव्हापासून मी डाव सोडणारा झालो. तोही पटकन सोडणारा. हत्ती गेला? सोडला. दोन प्यादी कमी? सोडला. लोक म्हणायचे, काय खिलाडूवृत्ती आहे. वृत्तीबित्ती काही नव्हती हो. मला मात होताना कुणी बघू नये, एवढंच होतं. परीक्षेचा पेपर वाईट गेला की निकाल लागायच्या आधीच ‘मी नापासच होणार’ म्हणून सांगत फिरतो ना माणूस, त्यातला प्रकार.

आणि यातून नुकसानही होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या क्लबहाउसमध्ये मी असाच एक डाव सोडला, रात्री इंजिनवर, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामवर, टाकला, तर इंजिन म्हणतं जवळपास बरोबरी आहे. सांत्वन एवढंच की या रांगेत माझ्यापेक्षा फार मोठी माणसं उभी आहेत. १९०२ मध्ये माँटे कार्लोच्या स्पर्धेत गेऑर्ग मार्को यांनी फॉन पोपिएल यांच्याविरुद्ध डाव सोडला. उंट अडकलाय, आता जाणारच, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्याच उंटाच्या एका खेळीने ते जिंकत होते. १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारॉव्हने हार मानली, आणि नंतर कळलं की शहांवर शह देत बरोबरी साधता आली असती. समोर यंत्र आहे म्हणजे त्याने सगळं पाहिलंच असणार, असा धसका माणूस घेतो. मी १७०० रेटिंगच्या माणसाचाही घेतो.

मग डाव सोडूच नये का? तसं नाही. १२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ आठवा. सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. जगज्जेत्या डिंग लिरेनने पंचावन्नाव्या खेळीला हत्ती चुकून एफ-२ या घरात नेला. गुकेशने आधी ते पाहिलं, मग पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आपण सगळ्यांनी फोनवर बघितलं. हत्ती मारले गेले, उंट मारले गेले, दोन राजे आणि थोडी प्यादी उरली. अठ्ठावन्नाव्या खेळीनंतर डिंगने डाव सोडला. मात तेव्हा बरीच लांब होती. पण पुढे काय होणार हे डिंगला माहीत होतं, गुकेशला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे समोरच्याला माहीत आहे, हेही दोघांना माहीत होतं. डाव सोडण्यात शोभा असते ती तिथे. दोघांनी मिळून वाचलेल्या गोष्टीचं शेवटचं पान दोघांनाही पाठ असतं, म्हणून ते मोठ्याने वाचावं लागत नाही. १९७२ मध्ये रेक्याविकला जगज्जेतेपदाच्या लढतीत सहावा डाव हरल्यावर स्पास्कीने फिशरसाठी प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या, तेही त्याच जातीतलं.

आता माझ्या एकेचाळिसाव्या खेळीकडे या. मला पुढचं सगळं पाठ होतं का? प्रामाणिक उत्तर: नाही. वजीर आणि हत्ती हातात असून तिचा राजा नेमका कुठे कोंडायचा हे मला दिसत नव्हतं, आणि चुकून स्टेलमेट होईल, म्हणजे शह नसताना तिला खेळीच उरणार नाही आणि डाव बरोबरीत सुटेल, अशी धाकधूक होती. डाव संपवण्याचं जे काम मला जड वाटत होतं, ते तिने स्वतः करून टाकावं, अशी माझी अपेक्षा होती. ‘सोड आता’ म्हणणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांचं असंच असतं, असा माझा आता पक्का संशय आहे. ज्याला मात करता येते तो मात करतो आणि चहा प्यायला जातो.

म्हणून आमच्या पातळीवर, म्हणजे दोन हजार रेटिंगच्या खाली, वजीर गेला म्हणून डाव सोडायची काहीही गरज नाही, हे माझं मत. लहान मुलांनी तर अजिबात सोडू नये. समोरच्याचं घड्याळ दोन मिनिटांवर आलं असेल तर मोठ्यांनीही सोडू नये. हरणाऱ्याचं काम खेळणं आणि जिंकणाऱ्याचं काम जिंकून दाखवणं.

पण (आणि हा ‘पण’ मोठा आहे) खेळत राहणं वेगळं आणि बसून राहणं वेगळं. याच स्पर्धेत पुढच्या राउंडला माझ्यासमोर माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. पुढच्या खेळीला मात, त्यांना दिसतेय, मला दिसतेय. त्यांच्या घड्याळात २२ मिनिटं शिल्लक. गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं, हाताची घडी घातली आणि छताकडे बघत बसले. मी चहा पिऊन आलो, तरी ते तसेच. शेजारच्या मुलाने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. शेवटी घड्याळ शून्यावर आलं तेव्हा उठले, न बोलता सही केली, निघून गेले. नियमाने यात काही चूक नाही, त्यांची मिनिटं त्यांची. ही परंपराही जुनी आहे म्हणा. १८९५ मध्ये हेस्टिंग्जला फॉन बार्डेलेबेन यांनी स्टाइनिट्झसमोर डाव सोडला नाही, ते नुसते उठून हॉलबाहेर गेले आणि घड्याळ चालू राहिलं. स्टाइनिट्झने मग प्रेक्षकांना दहा खेळ्यांची मात मांडून दाखवली. आज तो डाव अजरामर आहे आणि बार्डेलेबेन बिचारे ‘उठून गेलेले गृहस्थ’ म्हणूनच लोकांच्या लक्षात आहेत. मोबाइलवर तर हे रोजचं. ठाण्याहून फास्ट लोकल पकडावी, विंडो मिळावी, दहा मिनिटांचा डाव लावावा, समोरच्याचा वजीर पडावा आणि त्याने फोन बाजूला ठेवून द्यावा. आपण मुलुंड, भांडुप, कांजूर बघत घाटकोपरपर्यंत त्याच्या घड्याळाचे सेकंद मोजत राहायचं. ती दहा वर्षांची मुलगी असं एकदाही वागली नव्हती. तिची तीन मिनिटं विचाराची होती.

राग मात्र मी समजू शकतो. जून २०२५ मध्ये नॉर्वेत गुकेशकडून हरल्यावर कार्लसनने टेबलावर अशी मूठ आपटली की सोंगट्या उडाल्या. लोकांनी त्याला खूप झोडलं. मला ते २२ मिनिटांच्या घडीपेक्षा बरं वाटलं. आपटली, मग हात मिळवला, जाता जाता पाठीवर थाप दिली, संपलं. त्यापेक्षा सप्टेंबर २०२२ मध्ये निमनविरुद्धच्या ऑनलाइन डावात एकच खेळी करून डाव सोडला, ते मला जास्त खटकलं होतं. तिथे सोडण्याचा उपयोग बोलण्यासाठी झाला, आणि निमन फसवणूक करतो हा जो संशय बोलायचा होता तो तेव्हा बोललाही नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, नवीन पालक विचारतात म्हणून. राजा आडवा पाडणं सिनेमात छान दिसतं. स्पर्धेत घड्याळ थांबवा, तोंडाने स्वच्छ ‘रिझाइन’ म्हणा आणि मग हात पुढे करा. नुसता हात केला तर समोरच्याला बरोबरीचा प्रस्ताव वाटू शकतो, आणि त्यावरून दोन बाबांची झालेली भांडणं मी पाहिली आहेत. मुलं तोवर बाहेर वडापाव खात होती.

तर ती मुलगी. ताकीद खाऊन मी निमूट खेळलो. त्रेसष्टाव्या खेळीला मात झाली. तिने खेळी लिहिली, पुढे मातेची खूण काढली, निकाल लिहिला, सही केली, हात मिळवला. हात गार होता आणि शाईने माखलेला. मी जरा ओशाळून म्हटलं, ‘छान खेळलीस.’

ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली, ‘काका, तुम्ही बोललात ना, तेव्हा तुमच्याकडे दोन खेळ्यांत मात होती. हत्ती आधी. मला वाटलं, बघूया दिसते का.’

रात्री इंजिनवर टाकलं. होती. हत्ती आधी.

रविवारी रात्री नऊनंतर आमच्या क्लबहाउसमध्ये पट मांडलेला असतो. वजीर गेल्यावरही खेळायचं असेल तर या, मी काही बोलणार नाही. नुसतं बसूनच राहायचं असेल तर ठाण्यात तलावाकाठी तलावपाळीला कट्टा आहे, हवाही चांगली असते.